दोन पट्ट्यांचं धुराडं

चुकीच्या दारातून आलेली माणसं सहसा ओशाळतात. हा हसला.

"परवान्यावर शिक्का हवा होता... पण इथे वास वेगळाच येतोय."

"जुन्या कागदांचा आहे. शिक्का शेजारच्या दारात मिळतो."

पण तो हलला नाही. टोपी हातात फिरवत कपाटांकडे पाहत राहिला. टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढून आणणाऱ्या बोटीवर, इंजिन सांभाळायचा तो. नखांच्या कडांना काळं तेल, आणि डोळे मात्र आत्ताच धुऊन ठेवल्यासारखे.

"इथे बुडालेली जहाजं सापडतात?"

"तरलेलीसुद्धा," मी म्हणाले. बंदराच्या या दप्तरखान्यात काम करता करता माझी जीभ जरा सैल झाली आहे.

"आणि माणसं?"

या प्रश्नात थट्टा नव्हती. मी खुर्ची पुढे सरकवली.

त्याचे आजोबा खलाशी. लांबच्या फेरीवर गेले ते परतलेच नाहीत. मागून कंपनीचा निरोप आला – वाटेतल्या बंदरात उतरून पळून गेला. वडील तेव्हा लहान. 'पळपुट्याचा पोरगा' हे नाव शाळेत जे चिकटलं, ते मिशा पिकल्या तरी निघालं नाही. त्यांनी समुद्राकडे पाठ फिरवली आणि शिवणयंत्रावर बसले. पुढे मुलगा टगवर लागला, त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणंच टाकलं.

"एकाच घरात राहतो हो. पण जेवायला बसलो, की मधे अख्खा समुद्र असतो." तो खाली पाहत म्हणाला. "ते खरंच पळाले का, एवढंच कळू दे. मग बाबांनी बोलावं, नाही बोलावं."

"अर्जावर आजोबांचं नाव लिहू नका, जहाजाचं लिहा. आमच्याकडे माणूस जहाजाच्या नावाखाली सापडतो."

"जहाजाचं नावच तर माहीत नाही! बाबांना एवढंच आठवतं – काळं धुराडं, त्यावर दोन पांढरे पट्टे."

"अहो, मग अर्धं काम झालं. प्रत्येक कंपनीचं धुराडं वेगळं असतं."

तो असा पाहू लागला, जणू ते धुराडं मीच रंगवलं होतं.

दर सुट्टीला तो येऊ लागला. आमच्या वाचनाच्या खोलीत मोठ्याने बोलायची बंदी, म्हणून आम्ही कुजबुजायचो. आणि कुजबुजायचं म्हणजे डोकी जवळ आणावी लागतात... त्याला माझा इलाज नाही.

"दप्तरवाल्या बाई, तुम्हाला शिंक येत नाही का या धुळीत?"

"तुम्हाला ऐकू येतं का त्या इंजिनात राहून?"

"जे ऐकायचं ते बरोबर ऐकू येतं."

"मग पान उलटा. गप्पा ऐकायच्या नसतात, वाचायचं असतं."

पट्ट्यांवरून कंपनी सापडली, कंपनीवरून जहाज, जहाजावरून खलाशांची यादी. आजोबांच्या नावापुढे एकच शब्द होता – फरार.

त्याचा हात कागदावरून बाजूला झाला.

"चला, कळलं एकदाचं," तो उठत म्हणाला.

"बसा." मी त्याची बाही धरली होती, हे मला नंतर कळलं. "बंदर सोडताना कप्तान हजेरी घेतो. जो हजर नाही, तो फरार. का हजर नाही, हे विचारायला त्याला वेळ नसतो. भगवंताच्या दप्तरात अशी घाई चालत नसेल. तिथे आधी विचारत असतील, बाळा, तू का आला नाहीस? आपणही विचारू या की!"

"कुणाला विचारणार?"

"त्या बंदराच्या इस्पितळाला. इस्पितळाचे कागद जहाजाच्या कागदांबरोबर कधीच राहत नाहीत."

मी तिकडच्या दप्तरखान्याला पत्र धाडलं. आता पुढची शोधाशोध तिकडे होणार होती. त्याने यायचं काही कारण नव्हतं. तरी तो यायचा.

"उत्तर आलं?"

"नाही."

"बरं झालं."

"बरं झालं?"

"म्हणजे... पुन्हा यावं लागेल ना!" आणि कान लाल करून, चुकून शेजारच्या शिक्क्याच्या दारातून बाहेर पडायला गेला.

उत्तर आलं त्या दिवशी मात्र मी त्याची वाट पाहिली नाही, धक्क्यावरच गेले. त्याने टगवर उभ्या-उभ्याच वाचलं. मग तोंड फिरवून बराच वेळ दोर आवळत बसला. दोर आधीच आवळलेला होता.

"बाबा माझं ऐकायचे नाहीत," शेवटी म्हणाला. "तुम्ही सांगाल?"

आम्ही घरी पोचलो तेव्हा त्याचे वडील कोटाला अस्तर लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी उभ्यानेच वाचलं: कडक ताप. धक्क्यावर पडलेले सापडले, तिथून उचलून आणलं. शुद्ध नाही. दुसऱ्या दिवशी जहाज सुटलं. त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले. दफन तिथेच, इस्पितळामागच्या टेकडीवर.

"म्हणजे पळाले नव्हते?"

"नाही काका. उठवतसुद्धा नव्हतं त्यांना."

सुई अस्तरात तशीच राहिली. म्हातारबुवांनी चष्मा काढला, कोटाच्याच बाहीने डोळे पुसले आणि भिंतीकडे पाहत, इतक्या वर्षांनी मुलाशी पहिला शब्द बोलले –

"तुझं ते इंजिन... धूर फार करतं का रे?"

"थोडा करतं, बाबा." तो दोन पावलं पुढे आला. "जपतो मी."

"जप."

मग चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. एकदा माझ्याकडे, एकदा मुलाच्या लाल कानांकडे.

"पोरी, असे किती जणांचे बाप शोधतेस तू?"

"पुष्कळांचे शोधते, काका." छातीत टगचं इंजिन सुरू झालं होतं. पण आता कुजबुजायचं काही कारण नव्हतं. "घरी मात्र एकाच्याच आले."

तो माझ्याकडे पाहायचंही विसरला होता.

म्हातारबुवांनी शेजारच्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून मुलाच्या हातात कोंबला.

"मग उभी का? बस."