तालमीत बोललेलं शेवटचं वाक्य

या, जरा पुढं सरकून बसा. हशा पिकवणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो. मध्ये कुठं हसू आलं तर दाबू नका. ते त्याच्याच वाट्याचं आहे.

मॉर्टी झेल्निक वीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर परतला होता. मधली वीस वर्षं हॉलिवूडच्या सिनेमांत घसरून पडण्यात गेली. आता तिथं त्याला कोणी विचारेना. हे नाटक चाललं तर मॉर्टी तरला, नाहीतर त्याचं नाव पुसलं गेलं.

नाटकात तो नळ दुरुस्त करायला येतो. दारातून शिरताना टोपी चौकटीला अडकते. तो पहिला हशा. शेवटी तो कपाटात लपतो. घरमालक विचारतो, "आत कोण आहे?" आतून आवाज येतो, "इथं कुणीच नाही!" पडदा.

आता, शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नाही, ही तिथल्या नाटकवाल्यांची जुनी रीत. प्रेक्षकांवाचून नाटक पुरं करू नये म्हणतात. सिनेमात मात्र शेवटाचं चित्रीकरण कधीकधी आधीच उरकतात. तीच सवय नडली. एका दुपारी तालमीत मॉर्टी कपाटातून ते वाक्य बोलून गेला.

रिकाम्या नाट्यगृहात, मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. एकदाच. पोट भरल्यासारखं.

"गाढवा," रंगमंच सांभाळणारी बर्निस म्हणाली, "तिथं 'वगैरे वगैरे' म्हणायचं असतं. कॅलिफोर्नियाच्या उन्हात मेंदू वितळला का तुझा?"

"मागे कोण बसलंय गं?"

तिनं दिवे लावले. खुर्च्यांवर अंथरलेल्या चादरींना सुरकुतीही नव्हती.

पहिल्या प्रयोगाला लोक खो-खो हसले. शेवटच्या वाक्याला मात्र नुसते खोकले, आणि ओल्या कोटांचा वास. दुसऱ्या प्रयोगाला शेवटच्या दोन वाक्यांचे हशे गेले. तिसऱ्याला कपाटाच्या अख्ख्या प्रसंगाचे. बर्निस प्रत्येक हशाला संहितेत पेन्सिलीची खूण करी. खुणा खालून वर विरत चालल्या.

"घाई करतोयस तू."

"बर्निस, मी श्वाससुद्धा पहिल्या दिवशी घेतला तिथंच घेतोय."

बेचाळिसाव्या रस्त्यावर त्याचा जुना सिनेमा लागला होता. तो जाऊन बसला. निम्म्यापर्यंत लोक हसले. शेवटी पडद्यावरचा मॉर्टी जिन्यावरून गडगडला, तेव्हा मक्याच्या लाह्या चावल्याचा आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या आठवड्यात टोपीचा हशा तेवढा उरला.

बुधवारी दुपारचा खेळ. आजोबांनी सिनेगॉगमध्ये शिकवलेली प्रार्थना तो विंगेत पुटपुटत होता. बर्निस शेजारी आली. त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "तुमची वेळ झाली."

तीस वर्षांच्या ओळखीत तिनं त्याला 'अहो' म्हटलं नव्हतं.

दार उघडलं. टोपी अडकली.

काही नाही.

त्यानं ती पुन्हा अडकवली.

पहिल्या रांगेतली बाई नवऱ्याकडे झुकली. तिची नजर दारावरच होती, मॉर्टीच्या आरपार.

"पडदा केव्हाचा उघडलाय," ती कुजबुजली. "इथं कुणीच नाही."

विंगेत बर्निस संहितेची पहिली पानं चाळत होती, आधी कोण येतं ते शोधत.

एवढंच मागणं आहे तुमच्यापाशी. पुढच्या खेपेला पोट धरून हसाल, तेव्हा त्या माणसाचं नाव घ्या. मघाशी सांगितलं होतं मी.

आठवतंय ना?