तिसरी तक्रार

प्रेम माणसाला निर्भय करतं, असं सगळ्या काळातल्या शहाण्यांनी सांगून ठेवलंय. त्या शहाण्यांना मावशी नसावी.

या मावशींचा टीव्ही महिन्याभरात तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला होता आणि दुरुस्तीला तिसऱ्यांदा कंपनीची तीच मुलगी आली होती – खांद्याला हत्यारांची पिशवी, केसांत खोचलेली पेन्सिल. पहिल्या खेपेला तिने रिमोट बदलला, दुसऱ्या खेपेला आतला बोर्ड. नोकरीला लागून चारच महिने झाले होते, आणि कंपनीचा नियम साधा होता: एकाच टीव्हीची तिसरी तक्रार त्याच दिवशी मिटली नाही, तर नवख्याने पिशवी जमा करून घरी जायचं.

"पाणी आणू?" दारातून मावशींच्या भाच्याने विचारलं.

"आत्ताच दिलंत."

"हो... अजून?"

"एरवी दहा हाका मारल्या तरी हलत नाही," मावशी सोफ्यावरून म्हणाल्या. "आज पाणपोई उघडलीय."

तिला हसू आलं, पण नजर घड्याळावर होती. फोन वाजला. साहेब.

"सापडलं का? पाचला रिपोर्ट पाठवतोय मी."

पाचला सात मिनिटं कमी होती. टीव्ही मजेत चालू होता, आणि चालू टीव्हीला विचारणार तरी काय, कुठे दुखतंय?

शेवटचा उपाय म्हणून तिने रिमोट उचलला. रिमोटचा किरण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र जांभळा ठिपका लुकलुकतो. तिने कॅमेरा उघडला, रिमोट समोर धरला, आणि अजून बटण दाबलंही नव्हतं – तोच टीव्ही बंद.

"बघितलंस ना, पोरी!" मावशी ओरडल्या.

तिने बघितलं होतं. स्क्रीनवर तिच्या खांद्यामागे दार होतं, दारात भाचा होता, आणि त्याच्या मोबाईलच्या वरच्या कडेला एक जांभळा ठिपका लुकलुकत होता.

ती उठून दाराशी गेली. आवाज दाबून म्हणाली, "रिमोटचं ॲप?"

"...हो."

"का?"

"पहिल्यांदा चुकून. पंख्याचं बटण शोधत होतो."

"आणि नंतर?"

"नंतर... सापडलं होतं." तो तिच्या पेन्सिलीकडे बघत होता. "पहिल्या दिवशी तुम्ही टीव्हीला म्हणालात, 'चल शहाण्या, लाग कामाला.' मला इतक्या मायेने कुणीच कामाला लावलं नाही."

तिचे कान तापले. राग होता. बराचसा तरी रागच होता.

"चार मिनिटांत माझी नोकरी जाईल."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "हे... हे मला माहीत नव्हतं."

"मी तुमचं नाव सांगणार नाही. तुम्ही सांगा." तिने स्क्रू ड्रायव्हर सोफ्याकडे रोखला. "त्यांना."

फोन पुन्हा वाजला. तिने स्पीकर लावला. भाचा सोफ्यासमोर जाऊन उभा राहिला, शाळेत अंगठे धरायला सांगितल्यासारखा.

"मावशी, टीव्ही मी बंद करत होतो. मोबाईलवरून."

"का रे मेल्या? परवा मालिकेत खुनी कोण ते कळणार होतं!"

"कारण... बंद पडला की या येतात."

मावशींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्या पेन्सिलीकडे.

"मग सरळ नंबर मागायचास," मावशी म्हणाल्या. "माझा खुनी राहिला ना."

साहेबांनी घसा साफ केला. "दोष काय लिहू?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मोबाईल त्याने पाठीमागे लपवला होता – आता, सगळं झाल्यावर.

"लिहा... टीव्ही ठीक. दोष घरातल्या माणसात."

"आणि दुरुस्ती?"

"वेळ लागेल, साहेब. रविवारी बघते... माझी सुट्टी असते."

दीड वर्षाने दोघांचं लग्न झालं. त्याच आठवड्यात टीव्ही खरोखरच बंद पडला. वॉरंटी संपली होती.