मोगरा नव्हता, बोरं होती

चष्मा पुसून विश्वनाथनं समोर पाहिलं, आणि तिसऱ्या रांगेत प्रेमलता दिसली.

तीच. केस पांढरे झालेले, पण मान तशीच जराशी डावीकडे कललेली... मन लावून ऐकताना कलायची तशी.

धरमपेठेतल्या वाचनालयात ज्येष्ठांचं कथावाचन होतं. विश्वनाथच्या हातात त्याची छापून आलेली एकुलती एक कथा होती. बेचाळीस वर्षांपूर्वी सावनेरची कारकुनी सोडून तो पुण्याला नोकरीला गेला, तिथल्याच एका दिवाळी अंकात ती आली होती. अंक त्यानं सावनेरला प्रेमलतेला पोस्टानं पाठवला. सोबत चिठ्ठी नाही. चिठ्ठीत लिहिण्याची हिंमत नव्हती, म्हणून तर कथा लिहिली होती.

उत्तर आलं नाही. त्याला ‘नाही’ समजून तो गप्प राहिला.

आता तो वाचू लागला. डिसेंबरातलं बसस्टँड. परगावी निघालेला नायक. केसांत मोगरा माळलेली नायिका त्याला विचारते, “आपण का जात आहात?”

मागे कुणीतरी जांभई दिली. विश्वनाथ अडखळला. असं कोण बोलतं? आणि डिसेंबरात मोगरा कुठला?

तिसऱ्या रांगेकडे बघण्याचा धीर होईना. त्यानं कागद खाली ठेवला.

“माफ करा... इथं मी खोटं लिहिलंय. मोगरा नव्हता. तिच्या ओंजळीत बोरं होती, ओठाला मीठ लागलं होतं. एक बोर माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, ‘काहून जाऊन राहिले तुम्ही?’ मी काहीच बोललो नाही. बस आली, मी चढलो... ते बोर पार पुण्यापर्यंत मुठीतच होतं.”

एक खुर्चीसुद्धा वाजली नाही.

मग तिसऱ्या रांगेतून एक कुजबुज आली, सगळ्यांना ऐकू येईल अशी. “रडून राहिली का वं, प्रेमा?”

“चूप बस नं, सिंधू!”

कार्यक्रम संपल्यावर विश्वनाथ घाईनं बाहेर आला. एक चप्पल पायात सरकवली, तोच मागून आवाज आला.

“अंक मिळाला होता मले.”

“मग... उत्तर?”

“कोणाले देऊ? ‘आपण’ म्हणणारी, मोगरेवाली! मले वाटलं, पुण्याची कोणी भेटली, अन् तिची गोष्ट मले वाचायले धाडली. लय राग आला तुमचा.”

“ती तुम्हीच होता.”

“मंग मले काहून पुसून टाकलं?”

विश्वनाथनं पायाकडे पाहिलं. “वाटलं... तुमच्या बोलण्याला लोक हसतील.”

“हसलं का आज कोणी?”

त्यानं नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात सिंधूताई काठी टेकत आल्या. “भाऊ, बाकीची गोष्ट काही ध्यानात नाही राहिली. पण थे बोर मी मरेपर्यंत नाही भुलत.” आणि ऑटो बघायला फाटकाकडे गेल्या.

दोघंच उरले. दुपारचं ऊन पायऱ्यांवर आलं होतं.

“आमचे हे जाऊन सात वर्षं झाले,” प्रेमलता म्हणाली. “पोरीजवळ असते, इथंच. तुम्ही?”

“एकटाच. निवृत्त झालो, तसा इकडे परतलो. लग्न... राहूनच गेलं.”

नेहमीसारखीच भीती वाटली. त्यानं दुसरी चप्पल घातली, पिशवी उचलली.

“जाऊन राहिले का?”

तिची मान डावीकडे कलली होती. फाटकाशी ऑटो येऊन थांबला, सिंधूताईंनी हाक मारली. प्रेमलता हलली नाही.

विश्वनाथनं पिशवी पायरीवर ठेवली. मग एक चप्पल काढली... मग दुसरी.

“नाही,” तो म्हणाला. “थांबून राहिलो.”

प्रेमलता पदर तोंडाशी धरून हसली, अगदी तेव्हासारखी.

“बेचाळीस वर्षं लागले हो, तुम्हाले एक वाक्य बरोबर बोलायले!”