चॅनल मोकळा ठेवा

धाकटी टेकडीवरच्या खोलीत पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजत होते. काम साधं होतं. जुनी बॅटरी काढायची, पाठीवरून आणलेली नवी बसवायची आणि उजेडात खाली उतरायचं. धुकं मात्र तिच्या मागोमाग चढत आलं होतं. तिने दार लोटलं, आणि खिडकीबाहेरची तार दिसेनाशी झाली.

हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात बाकी सगळे साठीच्या आसपासचे, ही एकटी तेविसाची. म्हणून धाकटी. इंजिनिअर होऊनही नोकरी सोडून ती या खोलीच्या मागे लागली होती, आणि घरी आईचा तोंडाचा पट्टा त्याच विषयावर चालायचा. खोलीत मोलाच्या वस्तू दोनच. एक रिपीटर, दरीतल्या छोट्या वायरलेस सेटचा क्षीण आवाज पकडून मोठा करणारा. दुसरा वहीएवढा संगणक, तो आवाज छपरावरच्या डिशमधून इंटरनेटवर सोडणारा. या दोघांना जोडणाऱ्या दुव्याला सगळे लिंक म्हणत. लिंक चालू असली की दरीत मारलेली हाक शहरात ऐकू यायची, आणि हवं तर समुद्रापलीकडेही.

वादळ होऊन नऊ दिवस झाले होते. दरीतला मोबाईलचा टॉवर आडवा, रस्ता खचलेला. दवाखान्यात एकटी सिस्टर, आणि तिच्या हातात क्लबाने दिलेला एक सेट.

धाकटीने बॅटरीचे स्क्रू आवळले आणि स्पीकरमधून सिस्टरचा आवाज आला.

"डॉक्टर, ऐकताय ना? बाळ पायाळू आहे. पाय लागतोय हाताला. बाई पार दमलीये."

शहरातल्या डॉक्टरीणबाई क्लबाच्याच सभासद. त्या शांतपणे म्हणाल्या, "ओढायचं नाही. अजिबात नाही. मी सांगते तसं..."

आवाज तुटला.

त्या जागी काही नव्हतं. शांतता म्हणावी तर तशीही नाही. कुणीतरी सेटचं बटण दाबून धरलंय आणि बोलत नाहीये, असं ते वाटत होतं. एका वेळी एकानेच बोलायचं, हा चॅनलचा नियम. एकाने बटण दाबलं की बाकीचे खोळंबतात.

"कोण आहे रे तो गाढव?" धाकटी पुटपुटली आणि स्क्रीनकडे वळली.

डिजिटल सेटचं हे एक बरं असतं. माणूस बोलो न बोलो, बटण दाबताच त्याचं कॉलसाइन, म्हणजे सरकारने परवान्याबरोबर दिलेली अक्षरं, आपोआप पुढे जातं. स्क्रीनवर यादी उमटते. कोण, किती वाजता, कुठून. रेडिओवरून की इंटरनेटवरून.

यादीत सर्वांत वर लिहिलं होतं: जेबीके. तीन वाजून बावीस मिनिटं. 'कुठून'चा रकाना रिकामा.

जेबीके मास्तर होते. ही खोली बांधणारे, तिला तार कापण्यापासून सगळं शिकवणारे. त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. कुणीतरी मास्तरांचा सेट चोरलाय. तिने डिशच्या इंटरनेटवरून क्लबाच्या अध्यक्षकाकांना फोन लावला.

"सेट?" काका म्हणाले. "सेट माझ्याकडे आहे बाळ. वहिनींनीच आणून दिला. समोर कपाटात ठेवलाय. बॅटरीसुद्धा काढलेली आहे."

"मग हे काय आहे?"

"ते मला कळत नाही. पण गेलेल्या माणसाचं कॉलसाइन हवेत जातंय, हे सरकारी तपासनिसाला दिसलं तर स्टेशनचा परवाना जाईल. लिंक तोड."

"मेलेल्या माणसाला बोलायची परवानगी नाही म्हणून जिवंत बाईला मरू द्यायचं? वा काका!"

"उगाच तोंड चालवू नकोस. आपण मास्तरांचं स्टेशन रीतसर बंद केलंय. तूच केलंस."

धाकटीचं लक्ष माइककडे गेलं.

क्लबातलं कुणी वारलं की एक रीत असते. त्याच्या कॉलसाइनला हवेत तीनदा हाक मारायची. मिनिटभर थांबायचं. उत्तर येत नाही. मग म्हणायचं, 'स्टेशन बंद'. सेक्रेटरी वहीत त्या नावावर रेघ मारतो आणि सगळे घरी जातात. मास्तरांच्या वेळी हाक मारायचा मान धाकटीला दिला होता. तिने तीनदा हाक मारली. मिनिट संपायच्या आत माइक ठेवून ती रडत बाहेर निघून गेली. हॉलमध्ये सगळेच डोळे पुसत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि त्या दिवशी लिंक चालू होती. ती हाक हॉलपुरती राहिली नव्हती, साऱ्या जगात गेली होती.

"काका... मी 'स्टेशन बंद' म्हटलंच नव्हतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे हाक अजून उघडी आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "बोलावलंस आणि दार लावलं नाहीस..."

स्पीकरमध्ये सिस्टर दोन सेकंदांपुरती उगवली. "डॉक्टर, पुढे काय? पुढे काय करू?" आणि पुन्हा बुडाली. यादी खाली सरकली. जेबीकेच्या वर नवी अक्षरं आली. मग त्यांच्या वर आणखी. धाकटी एकेक वाचत गेली आणि फोनच्या त्या टोकाला काका क्लबाची जुनी वही उलटत गेले.

"हा... याच्यावर रेघ आहे. याच्यावरही." पान उलटल्याचा आवाज. "थांब. हे काय म्हणालीस? पुन्हा वाच. हे तर माझे गुरू आहेत गं... एकोणीस वर्षं झाली त्यांना."

खोलीत गारठा वाढला होता. आता वासही येत होता, तापलेल्या राळेचा, तारांना सोल्डरिंगचा डाग देताना येतो तसा. सोल्डरिंगचं हत्यार आणि राळेची डबी तर मास्तर गेल्यापासून कुणी हातात घेतली नव्हती.

"बाळ, ऐक माझं. लिंक तोड आणि खाली ये. हात जोडतो."

"लिंक तोडली तर सिस्टरच्या कानात डॉक्टर राहणार नाहीत. बाळ अडकलंय काका. तुम्ही याल का ते सोडवायला?"

तिने फोन टेबलावर ठेवला आणि माइक उचलला. ज्यांना गप्प बसायचं असतं त्यांच्याजवळ कारणं तयारच असतात. आयुष्यभर ती हेच ऐकत आली होती. नियम आहे, परवाना जाईल, आपण कोण? आता मेलेलेही येऊन तशीच वाट अडवून बसले होते.

ती यादी बघत राहिली. एक जण बटण सोडायचा आणि दुसरा दाबायचा, पण मध्ये दोन श्वासांची जागा राहायची. दर वेळी. मास्तर नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवत. तुमचं झालं की दोन श्वास थांबा. एखाद्याच्या घराला आग लागली असेल, त्याला मध्ये शिरता आलं पाहिजे.

मेले तरी शिस्त सुटली नव्हती कुणाची.

पुढच्याने बटण सोडलं. तिने त्या दोन श्वासांत बटण दाबलं.

"इमर्जन्सी! इमर्जन्सी! सगळ्यांनी चॅनल मोकळा ठेवा. मास्तर, तुम्ही असाल तर ऐका आणि नसाल तरी ऐका. खाली एक बाई अडलीये. मी हाक मारली, ती माझी चूक. माझ्याशी काय बोलायचं ते नंतर बोला, मी कुठे पळून जात नाही. पण आत्ता जो कुणी बटण दाबेल त्याला मी रेडिओवाला म्हणणार नाही. मग तो कधीही मेलेला असो!"

तिने बटण सोडलं.

एक श्वास. दोन श्वास. यादी हलली नाही.

"सिस्टर, बोला," धाकटी म्हणाली. "चॅनल तुमचा आहे."

पुढची चाळीस मिनिटं त्या चॅनलवर दोनच आवाज होते. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, सिस्टर करत होती, मध्ये मध्ये त्या बाईचं कण्हणं ऐकू यायचं. धाकटी उभीच होती. तिच्या मागे खोली भरलेली आहे, असं तिला सारखं वाटत होतं. दाटीवाटीने उभी असलेली माणसं श्वास धरतात तशी. तिने मागे वळून पाहिलं नाही. घाबरून नव्हे. वेळ नव्हता.

मग एक रडणं आलं. आधी तुकड्या-तुकड्यांत, सिग्नल फाटल्यासारखं. मग सलग, मोठं, चिडलेलं.

"मुलगी आहे!" सिस्टर ओरडली. "दोघी ठीक आहेत. अगं धाकटे, काय आवाज आहे या कार्टीचा! हिला सेटची गरजच नाही!"

डॉक्टरीणबाई हसत होत्या. टेबलावरच्या फोनमधून काकांचं नाक ओढणं ऐकू आलं.

"चल, आता इमर्जन्सी उठव," ते म्हणाले. "ज्याने चॅनल अडवला त्यानेच मोकळा करायचा असतो. आणि मग ते दोन शब्द म्हणून टाक. सगळ्यांनाच सुटू दे."

धाकटीने माइक तोंडाशी नेला. आता ते दोन शब्द म्हणायला तिला जड जाणार नव्हतं. तेवढ्यात यादी हलली.

ओजीएम.

'कुठून'चा रकाना या वेळी रिकामा नव्हता. तिथे लिहिलं होतं: रेडिओ. म्हणजे खालून, दरीतून.

"काका, ओजीएमवर रेघ आहे का बघा."

पानं उलटली गेली. "ओजीएम? असं कुणी नाहीच. तुझं ओजीएल आहे ना? सगळ्यांत नवं तुझंच. परवाने ओळीने निघतात. ओजीएम अजून कुणाला..." काका थांबले.

"कुणाला मिळणार आहे?"

"सिस्टर गेल्या महिन्यात परीक्षा पास झाली. कागद निघायचाय अजून. पुढचं तिचंच..."

स्पीकरमध्ये सिस्टर अजून बोलत होती, क्लबाच्याच कॉलसाइनवर, बाळाचं वजन सांगत होती, हसत होती. तिचं बोलणं संपलं. दोन श्वास गेले. यादीत पुन्हा ओजीएम आलं. बटण दाबलेलं, आवाज नाही, आतापर्यंत फक्त मेलेल्यांचं आलं होतं तसं.

धाकटीने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा खाली बसली.

"सर्व स्टेशन्स," ती माइकमध्ये म्हणाली, "इमर्जन्सी चालू आहे. चॅनल मोकळा ठेवा. रांगेत कुणी पुढे सरकायचं नाही."

"बाळ, अगं किती वेळ?"

"रस्ता होईपर्यंत. सिस्टर माझ्या डोळ्यांसमोर गाडीतून उतरेपर्यंत. एक बॅटरी अजून वर पाठवा, आणि माझ्या आईला सांगा मी जेवलेय."

आज तिसरा दिवस आहे. धाकटी दर तासाला बटण दाबते आणि विचारते, "सिस्टर, आहेस?"

"आहे गं बाई, आहे," सिस्टर वैतागून म्हणते. "तुला दुसरा उद्योग नाही का?"

दोन श्वास जातात. मग यादीत ओजीएम येतं. कालपर्यंत ते नुसतं यायचं. आज सकाळपासून त्यात मागे त्याच नव्या कार्टीचं मोठं, चिडलेलं रडणं ऐकू येतंय.