शुक्रवारचं तेल

बुखाऱ्याच्या आर्क किल्ल्यात, जिथं पूर्वी अमिराचे घोडे बांधायचे त्या पागेच्या मागच्या खोलीत, सआदतचं काम चालायचं. खोलीला खिडकी एकच, उत्तरेकडची. खडे पाहायला उत्तरेचा उजेड चांगला, म्हणून तिनं ती मागून घेतली होती. उन्हाळ्यात तिथला पंखा नुसती धूळ फिरवायचा. टेबलावर सूक्ष्मदर्शक, तराजू, स्पिरिटची बाटली, हिरव्या चहाची किटली. खिडकीत जिरेनियमची कुंडी. किल्ल्यातल्या संग्रहालयात आलेला खडा कुठल्या खाणीतला, कुणाच्या अंगावरचा, हे ती ठरवायची. ताश्कंदला शिकलेली, कामात चोख बाई. नवरा वारल्यापासून तिचा बहुतेक वेळ याच खोलीत जायचा.

जूनमधल्या एका सकाळी दालनाचा म्हातारा राखणदार रजबआका दारात डोकावला.

"पाहुणी आलीय तुझ्याकडे. रोटी घेऊन आलीय, म्हणजे काम मोठं दिसतंय."

त्याच्यामागे झुलाईबीबी उभी होती. लब-ए-हौज तळ्याच्या मागे, यहुदी मोहल्ल्यात तिचं घर. सआदत लहानपणी त्याच गल्लीच्या तोंडाशी राहायची. आई आजारी पडली की झुलाईबीबी सूप आणून द्यायची. त्या वर्षी मोहल्ल्यातली घरं एकेक करून रिकामी होत होती. लोक इस्राएलला चालले होते. झुलाईबीबीच्या मुलाला, पिन्हासलाही परवानगी मिळाल्याचं सआदतच्या कानावर आलं होतं.

रजबआका गेल्यावर म्हातारीनं दार लोटलं आणि रोट्यांचं फडकं सोडलं. मधल्या रोटीच्या पोटात पाचू होता.

खारकेएवढा. एका बाजूनं सपाट, बाकी गुळगुळीत. खाली सोन्याचं कोंदण. असा हिरवा रंग तिनं एकदाच पाहिला होता, वरच्या दालनातल्या काचेच्या पेटीत, अमिराच्या कमरपट्ट्याच्या बकलात.

"त्याचाच जोडीदार आहे," झुलाईबीबी म्हणाली. "माझे सासरे अमिराचे जवाहिरे. मोठा खडा होता, तो मधोमध कापायला लावला. एक कमरेला, एक पगडीला. कापताना आतून थेंबभर पाणी आलं, असं सासरे सांगायचे. कमरेचा देऊन झाला. पगडीचा द्यायचा तर क्रांती झाली, अमीरच पळून गेला. मग कुणाला द्यायचा?"

"इतकी वर्षं भिंतीत?"

"भिंतीत कशाला? माझ्या उशाशी." तिनं खिशातून छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे जवसाचं तेल. दर शुक्रवारी एक थेंब. दिवा लावायच्या आधी ह्याला, मग दिव्याला. आधी सासरे द्यायचे, मग सासू, मग मी. आता जकातीवर तो आम्हाला नेऊ देणार नाहीत आणि मागं टाकला तर त्याला कोण बघणार? तुझ्याकडे त्याचा दुसरा अर्धा आहे. तुझ्याकडेच ठेव. फक्त कुणी दिला ते बोलू नकोस, आणि तेल चुकवू नकोस."

पाचूला तेल देतात, हे सआदतला ठाऊक होतं. आतल्या चिरा तेलानं झाकल्या जातात, रंग खुलतो. ती हसून म्हणाली, "सुकला तर फिका दिसेल, एवढंच ना बीबी?"

"फिका नाही, पोरी. तहानेला." म्हातारी आपल्या बोटांकडे बघत राहिली. "लढाईच्या साली घरात तेलाचा टिपूस नव्हता. हिवाळाभर नव्हता. माझी लेक तोवा तेव्हा पाळण्यात होती."

तिनं रोट्यांचं फडकं परत बांधलं. तोवाचं काय झालं, ते सआदतनं विचारलं नाही. दोन्ही गोष्टींचं वचन तिनं दिलं, आणि देताना ते मनापासून दिलं होतं.

तपासायचं म्हणजे आधी तेल काढायला हवं. तिनं पाचू स्पिरिटमध्ये धुतला. तो सुकला तशा आतल्या पांढुरक्या चिरा दिसू लागल्या. मग वरच्या दालनातलं बकल मागवून तिनं दोन्ही अर्ध्यांच्या सपाट बाजू शेजारी ठेवल्या. एका तुकड्यात कडेला येऊन तुटलेली चीर दुसऱ्यात तिथूनच पुढं जात होती. खडा एकच होता, यात शंका नव्हती.

नंतर तिनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं. हिरव्या काचेत असाव्यात तशा टोकेरी, चिमुकल्या पोकळ्या. प्रत्येक पोकळीत पाणी, पाण्यात हवेचा एक बुडबुडा आणि बुडबुड्याशेजारी मिठाचा चौकोनी कण. असं पाणी, बुडबुडा आणि मीठ एकत्र फक्त महासागरापलीकडच्या कोलंबियाच्या खाणींत मिळतं. माणूस जन्मायच्या आधी कोंडलेलं खारं पाणी. तिथून स्पेनच्या जहाजांत, मग हिंदुस्थानच्या बादशहांकडे, तिथून लुटीत उत्तरेला, आणि शेवटी अमिराच्या तोशाखान्यात. तिला तो सगळा रस्ता डोळ्यांपुढं दिसला. असं काम माणसाच्या आयुष्यात एकदा येतं.

तिनं मॉस्कोला कळवलं होतं; तिथले जाणकार प्रोफेसर लेबेदिन्स्की येऊन पाहणार होते. तेल दिलं असतं तर चिरा बुजल्या असत्या, जोड दिसला नसता. पहिल्या शुक्रवारी तिनं बाटली हातात घेतली आणि परत ठेवली. ते येऊन जाऊ देत, मग देऊ, असं ती स्वतःशी म्हणाली.

जिरेनियम त्याच आठवड्यात वाळला. सकाळी पाणी घातलं होतं, दुपारी पानं हातात चुरली. दौतीतली शाई तळाला पापुद्र्यासारखी बसली. रजबआकानं आणून ठेवलेला पाण्याचा जग ती जेवून येईपर्यंत कोरडा व्हायचा.

"तू पितेस की ओततेस?" तो म्हणाला. "माझा घसासुद्धा तुझ्या दारापाशी आलो की सुकतो. बायको म्हणते, कामावर जाऊन काही खात असशील. म्हटलं, धूळ खातो."

बुखाऱ्याचा उन्हाळा कोरडाच. सआदतनं ओठांना लोणी लावलं आणि काम चालू ठेवलं.

दुसऱ्या शुक्रवारनंतर तिनं पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बुडबुडे लहान झाले होते.

तिनं भिंग पुसलं. दिवा बदलला. आधी काढलेल्या फोटोशी ताडून पाहिलं. चुकत नव्हतं. चारी बाजूंनी बंद असलेल्या पोकळ्यांत पाणी वाढलं होतं. मिठाच्या कणांचे कोपरे विरघळून गोल झाले होते. असं होऊ शकत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं फोटो खणात उलटा ठेवला.

त्याच दिवशी संचालक नझारोवनी तिला बोलावलं. तो माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"प्रोफेसर विचारतील, खडा आला कुठून? आभाळातून पडला?"

"देणाऱ्याचं नाव सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणाशी ठरलंय?" त्यांनी चहाचा प्याला तिच्याकडे सरकवला. "बाई, तुमचं काम पक्कं असेल, पण मूळ माहीत नसलेला खडा म्हणजे बाजारातला खडा. तुमचं कुणी ऐकणार नाही. मला फक्त दोन शब्द हवेत. कागदावर नको, तोंडी सांगा. गोष्ट माझ्यापाशीच राहील."

सआदतनं प्याला उचलला. तिला फार तहान लागली होती. नंतर तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं, तिथं तिच्यावर कुणी हात उगारला होता का, कुणी दम दिला होता का. नव्हता. तिला फक्त आपलं म्हणणं खरं ठरायला हवं होतं.

"जवाहिऱ्यांची गल्ली," ती म्हणाली. "पिन्हासची आई."

चार दिवसांनी मोहल्ल्यात माणसं आली. अमिराची मालमत्ता म्हणजे सरकारची. ती इतकी वर्षं दडवली म्हणून झुलाईबीबीच्या घरातल्या फरश्या उचकटल्या, गाद्या उसवल्या. पिन्हासची परवानगी रद्द झाली. रोज सकाळी त्याला चौकशीला बोलावू लागले.

सआदत त्या घरी गेली ती दुपारची. अंगणात गाद्यांतला कापूस अजून उडत होता. पिन्हासची बायको बुर्खो चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं, पण आत या म्हणाली नाही.

झुलाईबीबी खाटेवर पडली होती. पंधरवड्यापूर्वी भरल्या अंगाची बाई. आता पांघरुणाखाली काही आहे की नाही असं वाटत होतं. हाताची कातडी जुन्या कागदासारखी. उशाशी पाण्याचं भांडं होतं, त्यात चमचा.

"सारखं पाणी मागतात," बुर्खो दारातून म्हणाली. "पाजते तेवढं पितात. जातं कुठं, कळत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं."

म्हातारीनं डोळे उघडले. बुबुळांवर ओलच नव्हती.

"तेल देतेस ना?"

"देते, बीबी," सआदत म्हणाली.

झुलाईबीबीनं तिचा हात धरला. पकड वाळक्या काडक्यांसारखी होती.

"नाव घेतलंस ते जाऊ दे," ती म्हणाली. "माणसाच्या तोंडून निघून जातं. पण हे खोटं कशाला बोलतेस? मला कळतं ना इथं." आणि तिनं आपल्या गळ्याला हात लावला.

सआदत तिथून आर्कपर्यंत जवळजवळ पळत गेली. किल्ल्याच्या चढावर तिला दोनदा थांबावं लागलं. खोलीत शिरून तिनं बाटली उघडली आणि पाचूवर एक थेंब सोडला. तापल्या तव्यावरचं पाणी उडावं तसा तो नाहीसा झाला. दुसरा सोडला. तिसरा. मग सगळी बाटली उपडी केली.

तेल गेलं. खालचा कागद कोरडाच राहिला.

संध्याकाळी रजबआकानं निरोप आणला. झुलाईबीबी गेली होती, साधारण त्याच सुमाराला.

दफनभूमीत बायका लांब उभ्या होत्या. प्रेताला आंघोळ घालणारी बाई दुसरीला सांगत होती, "मी एकटीनं उचललं गं. अंगावर पाणी ओतलं, तर खाली पडेचना." सआदतला रडू यायला हवं होतं. डोळ्यांत मात्र काही आलं नाही.

प्रोफेसर लेबेदिन्स्की पुढच्या सोमवारी आले. उंच, मितभाषी, पांढरे हातमोजे घातलेले. त्यांनी बकल पाहिलं आणि मान डोलावली. मग दुसरा पाचू सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि पुष्कळ वेळ वर पाहिलं नाही.

"बुडबुडे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

सआदतनं वाकून पाहिलं.

पोकळ्या काठोकाठ भरल्या होत्या. बुडबुडा नव्हता. मीठ नव्हतं. सपाट बाजूची चीरही बुजून गेली होती. इतका स्वच्छ, इतका टवटवीत पाचू तिनं जन्मात पाहिला नव्हता.

तिनं फोटो दाखवला. प्रोफेसरांनी तो बकलाचा असावा असं समजून परत दिला.

"तुमची चूक झालीय, कॉम्रेड," ते सौम्यपणे म्हणाले. "हा कोलंबियाचा नाही. अमिराच्या खड्याचा तर नाहीच. कुठला आहे, खरं सांगायचं तर मला सांगता येत नाही. कदाचित कारखान्यात बनवलेला असेल."

म्हणजे सरकारचं काही दडवलंच नव्हतं. कागद फिरले, पिन्हासला परवानगी परत मिळाली, आणि नझारोवनी तो खडा सआदतच्या हाती दिला. ज्यांचा त्यांना देऊन या, म्हणाले.

घराबाहेर पेट्या बांधून ठेवल्या होत्या. पिन्हासनं फडकं उलगडूनही पाहिलं नाही.

"आम्ही आता आईला इथं एकटीला टाकून चाललोय," तो म्हणाला. "परवानगी पहिल्यांदा मिळाली तेव्हा ती आमच्याबरोबर येणार होती."

"पिन्हासआका, मी..."

"राहू दे तुमच्याकडेच. तुम्हालाच हवा होता."

बुर्खो तेवढं म्हणाली, "शुक्रवार विसरू नका." तिच्या आवाजात राग नव्हता.

सआदत विसरली नाही. बाजारातल्या घाण्यावरून ती ताजं जवसाचं तेल आणायची. शुक्रवारी दुपारी यहुदी दफनभूमीत जाऊन झुलाईबीबीच्या दगडावरची धूळ झटकायची. मग घरी येऊन कोनाड्यातला पाचू खाली काढायचा आणि त्यावर एक थेंब सोडायचा. झाकण लावेपर्यंत तो जिरलेला असायचा. अशी वर्षं गेली. तिला कुणी काही विचारलं नाही, तिनं कुणाला सांगितलं नाही. ती कधी रडली नाही. आईला पोचवतानाही नाही, आणि नातेवाईक म्हणाले, मोठी कठीण बाई.

मग एका शुक्रवारी थेंब जिरला नाही.

ती वाट पाहत बसली. अंगणातल्या तुतीची सावली भिंतीवरून पुढं सरकली. थेंब पाचूवर तसाच राहिला, गोल, पिवळा, आणि शेवटी कडेनं घरंगळून फडक्यावर पडला.

तिनं भिंग डोळ्याला लावलं. आत बुडबुडे परत आले होते. मोठे. पोकळ्यांच्या तळाशी पाणी जेमतेम उरलं होतं.

त्याला तेल नको होतं.

सआदतनं दाराला कडी घातली. पाचू पुसला, उजव्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटली. तो कोमट होता. मूठ तिनं उघडली तेव्हा तळव्याच्या रेषा पांढऱ्या पडल्या होत्या आणि बोटं जर्दाळू वाळावेत तशी सुरकुतली होती. तिनं पुन्हा भिंगातून पाहिलं. सगळ्यांत मोठा बुडबुडा किंचित लहान झाला होता.

पुढच्या शुक्रवारी तिनं डावा हात दिला.