कोपऱ्यातला हसरा फोटो

दिग्रसच्या बजारात आमचं फ्लेक्सचं दुकान होतं, माहं अन् माह्या लहान भावाचं, प्रफुल्लचं. बोर्ड तो बनवे. गिऱ्हाइकांशी भांडाचं काम माह्यावर. आता तुमी रोजच पाहता, जिकडं मान वळवा तिकडं बोर्डच. वाढदिवसाचे, पुढाऱ्याच्या स्वागताचे, शाळेत पह्यल्या आलेल्या पोरीचे. पण त्या सालात कपाशीच्या पऱ्हाटीवर बोंडअळी पडली, लोक फवारे मारमारून आजारी पडले, काही गेलेच. आमच्याकडं मंग श्रद्धांजलीचेच बोर्ड जास्त येत. वाईट वाटे, पण धंदा होता.

प्रफुल्लले एक भलती खोड. प्रत्येक बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात सोताचा हसरा फोटो अन् दुकानाचा नंबर टाके. फुकटची जाहिरात! वाढदिवसाले ठीक हाय. हा गडी मयतीच्या बोर्डावरही तोच दात काढलेला फोटो लावे. मी किती बोंबलली, पण आयकन तो प्रफुल्ल कसला.

जवळच्या तांड्यावरचा देवसिंग असाच गेला. दुसऱ्याच्या वावरात फवाऱ्याच्या मजुरीले गेला, दवाईचं इस अंगात भिनलं, दवाखान्यात नेला अन् संपला. त्याचा भाऊ उत्तमसिंग बोर्ड न्यायले आला. कोपरा पाहून त्याचं डोस्कंच फिरलं. माह्या भावाच्या मयतीत हा कोणाले हासून राह्यला, म्हणे. प्रफुल्ल म्हणे, पुढच्या टायमाले काढून टाकतो. पुढच्या टायमाले! उत्तमसिंगच्या घरी काय अजून कोणी मरायचं होतं? मी प्रफुल्लले तिथंच झापलं. पण बोर्ड छापून झाला होता, तो तसाच गेला.

त्याच हप्त्यात मी तांड्यावर गेलती. धुरपताबाई तिथं शिलाई करे, तिच्याकडं ब्लाऊज टाकाचं होतं. फाट्यावर देवसिंगचा बोर्ड बांधेल होता. भर दुपार, वारा नाई, तरी तो मधूनच फडफडे. फवाऱ्याच्या दवाईचा वास येत होता, अन् आजूबाजूले तर वावरही नाई. मी वर पाह्यलं.

देवसिंगचा फोटो त्याच्या ओळखपत्रावरून मोठा केला होता. छातीपासून वरचा. हात त्यात नव्हतेच. प्रफुल्ल तो कापत होता तवा मी बाजूलेच बसेल होती. अन् आता त्या सदऱ्याच्या खालून बोटं बाहेर आलती. काळी, सुजेल. मले वाटलं छपाईत शाई पसरली. बोट लावून पाह्यलं तर सपाट फ्लेक्स, गरम, बस.

धुरपताबाईले विचारलं. ती मशीन थांबवून हळूच म्हणे, "आमी तिकडं पाहत नाई, बाई. तो खाली उतरून राह्यला..."

घरी आली तर प्रफुल्ल उजवा हात चोळत बसेल. मुंग्या येऊन राह्यल्या म्हणे, माउस धरून धरून होते तसं. आईबाप गेल्यावर मीच त्याले वाढवलं, त्याच्या बारक्या तापालेही मी रात्र रात्र जागली. त्या रात्रीही त्याचा हात शेकत बसली. दुसऱ्या दिवशी त्याले माउस हलवता येईना.

मी तशीच ऑटो करून तांड्यावर गेली. आता पुरा हात बाहेर आलता, कोपरासकट, अन् बोर्डभर खाली लांबला होता. बोटं प्रफुल्लच्या फोटोवर पोचलती. अन् फोटोतला प्रफुल्ल हासत नव्हता. माह्या भावाचा तो चेहरा मी कधी पाह्यला नव्हता, लहानपणी विहिरीत पडता पडता वाचला तवाही नाई.

उत्तमसिंगले मी बोर्ड उतरवाले सांगितलं. हात जोडले. तो जागचा हलला नाई. तेराव्याच्या आधी मयताच्या बोर्डाची दोरी सोडत नसतात, म्हणे. मंग माह्याकडं पाहून बोलला, "लय हासत होता ना, बाई? आता कसा गप झाला..."

माहं टाळकंच सरकलं. धुरपताबाईची कैची घेतली अन् बोर्डासमोर उभी राह्यली. म्हटलं, देवसिंगभाऊ, त्याची चुकी झाली, मी पदर पसरते. पण पोराले हात लावशील तर तुह्या बोर्डाच्या चिंध्या करीन. वास असा आला का डोळ्यातून पाणी. तरी कोपरा कापला, प्रफुल्लचा फोटो सुटा करून घेतला. उत्तमसिंग नुसता पाहत उभा. मले अडवलं नाई त्यानं, अन् तेच मले आवडलं नाई.

घरी येऊन तो तुकडा चुलीत घातला. काळा धूर निघाला अन् जळून गेला एकदाचा. तितक्यात प्रफुल्ल आतून आला. ताई, भूक लागली, म्हणे. चेहऱ्यावर रंग आलता. मले रडू फुटलं. वरण-भाकर वाढली अन् त्याच्यासमोर बसून त्याले पाहत राह्यली. जिता हाय माहा भाऊ, मनात तेवढंच.

तो डाव्या हातानं जेवत होता.

म्हटलं, अजून दुखते काय? नाई, म्हणे. मंग उजव्यानं जेव ना, बाबू.

त्यानं घास खाली ठेवला. दाराकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"ताई... तो सोडून नाई राह्यला."

उजवा हात त्याच्या मांडीवर होता. मूठ वळेल होती, पण पुरी मिटली नव्हती. आत दुसऱ्या कोणाचा हात मावेल एवढी जागा होती.