आरमोरीची ढाल आणि सातवं उत्तर

“साहेब, तुम्ही आमच्यावर चोरीचा आळ घेतला. फिर्यादी तुम्ही, न्याय करणारे तुम्ही, अन् कुलूपही तुमच्याच हातात! हा कुठचा कायदा?”

भर वाचनालयात जरीना बोलली आणि आरमोरीची माणसं एकमेकांकडं बघू लागली. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला असं तोंडावर विचारायची छाती अजून कोणी केली नव्हती. खुर्चीला उत्तर द्यायची सवय नसते.

“संध्याकाळपर्यंत गावासमोर माफी मागा,” ते म्हणाले, “नाहीतर वाचनालयाला कुलूप.” आणि मुक्कामाच्या बंगल्यावर जेवायला गेले.

१९५४ साल होतं. परवा इथं सामान्यज्ञानाचा सामना झाला होता. एका बाजूला साहेबांच्या क्लबाचा संघ, दुसऱ्या बाजूला कापडवाल्या गुलाम रसूलची ही मुलगी आणि तिची मैत्रीण वच्छला. आरमोरी जिंकली. लगेच साहेबांना आठवलं, की प्रश्नांच्या पाकिटाची लाख फुटलेली होती. “जिंकला तोच चोर,” म्हणाले आणि बक्षिसाची ढाल काखोटीला मारून निघाले.

गुलाम रसूलनं कालच चांद्याहून इंदुताईंना बोलावून घेतलं. पोलिसांची पायरी ज्याला परवडत नाही, तो इंदुताईंकडं येतो. सोबत अयूब होता. कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा, मनानं साफ, डोक्यानं जरा सावकाश, हॉकीचा वेडा.

“अयूब, टेबलावर काय आहे?”

“उत्तरांच्या दोन पाट्या, ताई. परवाच्याच. भांडणात कोणी पुसल्या नाहीत.” अयूबनं वाचल्या. “आरमोरीची: तीन, १९५३, १९५२, अकरा, नऊ, चौसष्ट. क्लबाची: सहा, १९५३, १९५२, पाच, अकरा, नऊ, चौसष्ट. सारे आकडेच!”

“आकड्यांचाच सामना होता,” जरीना म्हणाली. “पहिलाच सवाल आमचा चुकला. क्रिकेटच्या मैदानात यष्ट्या किती? पेपरातल्या फोटोत एकच बाजू दिसते, मी तीन लिहिलं. इथी क्रिकेट कोणी पाह्यलं जी?”

“मग बाकीचे?”

“एव्हरेस्ट कधी सर झालं, हेलसिंकीत आपल्या पैलवानानं पदक कधी आणलं, हॉकीत एका बाजूला किती, खो-खोत किती, बुद्धिबळाच्या पटाले घरं किती. रोज वाचतो आम्ही, ताई. इथीच बसून वाचतो.” मान ताठ ठेवूनच ती बोलत होती.

इंदुताईंनी साहेबांचा चपराशी पोचू याला गाठलं.

“पाकीट कुठं होतं?”

“बंगल्यावर, सायबाच्या कपाटात. सांजेला त्र्यंबकबाबूनं मले थैलीत टाकून देल्लं, तसंच रामाजीभाऊच्या हातात देल्लं.”

“त्र्यंबक म्हणजे?”

“सायबाचा भाचा, क्लबाचा म्होरक्या. लय हुशार पोरगा! सारे सवाल वाचून व्हायच्या आंधीच लिहून मोकळा. पाटी पालथी टाकली अन् गेला सिगरेट ओढाले.”

प्रश्न वाचले होते ते रामाजी, वाचनालयाचे चिटणीस. म्हातारे आधीच घाबरले होते.

“लाख फुटलेली दिसली तेव्हा बोलला नाहीत?”

“बोललो ना बाई! सायेब म्हणे, वाटेत फुटली असन, वाचा तुम्ही.”

“सगळे प्रश्न वाचलेत?”

रामाजींनी खाली पाहिलं. “एक सोडला. चौथा. त्या मोठ्या जनावराच्या पुढच्या पंज्याले नखं किती, असा होता. कंदील लागून गेले होते. अंधार पडल्यावर आमी त्याचं नाव घेत नाई, बाई. घेतलं का त्याले बोलावणं जाते. शहरातले लोक हासतीन म्हणून बोललो नाई.”

अयूबला हसू आलं. इंदुताईंना नाही आलं.

त्र्यंबक बंगल्याच्या ओसरीवर भेटला. अयूब त्याला पाहूनच हरखला. “ताई, हे हॉकीचे कप्तान! नागपूरवाल्यांले यायनं एकट्यानं तीन गोल मारले!”

“असं? हॉकीत एका बाजूला खेळाडू किती हो?”

“अकरा,” त्र्यंबक फिस्सकन हसला. “हे काय विचारणं झालं?”

“काऊन लाजवता, ताई?” अयूब कुजबुजला. “कप्तानाले हे कोणी विचारते?”

संध्याकाळी साहेब कुलूप घेऊनच आले. मागं त्र्यंबक. सारं गाव वाचनालयासमोर.

इंदुताईंनी दोन्ही पाट्या उचलल्या. “साहेब, परवा इथं सहा प्रश्न वाचले गेले. गाव साक्षी आहे. आरमोरीच्या पाटीवर सहा उत्तरं आहेत. तुमच्या भाच्याच्या पाटीवर सात. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठून आलं?”

साहेबांनी पाटी जवळ ओढून उत्तरं मोजली.

“हॉकीच्या प्रश्नापुढं कप्तानानं लिहिलंय पाच. दुपारी मला म्हणाला अकरा. खो-खोपुढं अकरा, बुद्धिबळापुढं नऊ. सारं एकेक घर खाली सरकलंय. कारण पाकिटातला चौथा प्रश्न रामाजींनी सोडला. उत्तर होतं पाच. यानं आकडे ओळीनं पाठ केले होते. प्रश्न ऐकायचे कशाला? लिहिलं आणि सिगरेट ओढायला गेला.”

“पण लाख तर कोणीही...” साहेब म्हणाले.

“पाकीट तुमच्या कपाटात होतं. दिलं तुमच्या भाच्यानं. आणि ही मुलगी ते फोडती, तर पहिलंच उत्तर चुकवती का?”

“बापा!” अयूब ओरडला. “म्हणजे जो हारला तोच चोर!”

त्र्यंबकनं मामाकडं पाहिलं. मामानं जमिनीकडं. तेवढ्यात गावाला कळायचं ते कळलं.

रामाजी पुढं आले. “उन्हं आहेत अजून. सोडलेला सवाल आता वाचतो. वाघाच्या पुढच्या पंज्याले नखं किती?”

“पाच!” सारी आरमोरी गरजली. लेकरं, बाया, म्हातारे, सारे. या गावाला ते पाकिटातून शिकायचं नव्हतं.

जरीना साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. हात पुढं केला.

“लाख फुटलेली तुम्ही सामन्याच्या आधीच पाह्यली होती, साहेब. तवा तुम्ही म्हणाले, वाटेत फुटली असन. आम्ही जिंकलो अन् तीच लाख चोरीचा पुरावा झाली. कशी झाली? माफी आम्ही मागत नाई. ढाल द्या, अन् याचं उत्तर सगळ्या गावासमोर सांगा. पाटी पाह्यजे का उत्तर लिहाले?”